कागद, कैदी आणि जुन्नर

कागदाचा आणि कैद्याचा संबंध फार जुना आहे. इ. स. ७५१ मध्ये मध्य आशियात तलास नदीच्या काठी अरब आणि चिनी फौजांची लढाई झाली. त्या लढाईत पकडलेल्या चिनी लोकांत कागद बनवणारे कारागीर होते आणि त्यांनी समरकंदच्या लोकांना हा हुनर शिकवला, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. आजचे इतिहासकार तिच्याबद्दल शंका घेतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर कागद त्या मुलखात आधीच पोचला होता, असे त्यांचे म्हणणे आहे. पण समरकंदचा कागद पुढे नावाजला आणि आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागदाचे कारखाने सुरू झाले, याबद्दल वाद नाही. काश्मीरचा सुलतान जैनुल आबिदीन तरुणपणी समरकंदला ओलीस होता आणि परत येताना त्याने तिथून कागदाचे कारागीर आणले, असेही सांगतात.

या हकीकती शब्दशः खऱ्या असोत वा नसोत, त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. कैदी हा केवळ पहाऱ्यात ठेवायचा माणूस नाही. त्याच्याकडे काही इल्म असू शकतो आणि तो दुसऱ्याला देता येतो. आपल्या वाचकांना बद्रच्या लढाईनंतरची गोष्ट सांगायला नको. ज्या कैद्यांकडे फिदिया भरायला पैसा नव्हता पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना शिकवावे, हाच त्यांचा फिदिया ठरला. कैद आणि तालीम ही दोन नावे इतक्या लवकर एकत्र आलेली आहेत.

हे सगळे आठवायचे कारण आपल्या जवळचे आहे. जुन्नरमध्ये कागद बनत होता आणि तो बनवणारे आपलेच लोक होते. पुढे तेच काम तुरुंगात शिक्षा म्हणून सुरू झाले. जुन्नरच्या कागदाची गोष्ट आणि तुरुंगातल्या कामाची गोष्ट आपण आजवर वेगवेगळी वाचली. ती एकत्र वाचली, तर कैद्यांच्या शिक्षणाबद्दल आज जे बोलले जाते त्यावर वेगळा प्रकाश पडतो.

जुन्नरी कागद

जुन्नर म्हटले की आज शिवनेरी, लेणी आणि नाणेघाट आठवतात. नाणेघाटाने कोकणातला माल वर चढायचा आणि जुन्नरच्या बाजारात उतरायचा. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाहीचा पाया घातला तो इथेच. १४९४ मध्ये अहमदनगरची उभारणी सुरू होण्यापूर्वी राज्याचे ठाणे जुन्नरला होते. जिथे राज्य असते तिथे दफ्तर असते आणि जिथे दफ्तर असते तिथे कागद लागतो. मराठी दफ्तरांत 'जुन्नरी' आणि 'दौलताबादी' ही कागदाची नावे येतात, ती त्या-त्या गावच्या कारागिरांच्या कामाची ओळख म्हणून. दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे गाव आजही त्या नावाने ओळखले जाते. पुण्यात कसबा पेठेला लागून कागदीपुरा आहे. जुन्नरचे कागदी पेशवाईत तिथे जाऊन वसले, असे सांगतात.

कागदी म्हणजे कागद बनवणारे मुसलमान. धंद्यावरून जमातीला नाव पडले आणि जमातीचे नाव पुढे आडनाव झाले. आपल्या वर्गात कागदी आडनावाचा मुलगा असतो, पण त्याला ते आडनाव कुठून आले हे माहीत नसते. म्हणून हे काम कसे चालायचे ते थोडे सविस्तर सांगतो.

ताग, गोणपाट, जुने दोर आणि रद्दी कागद हा कच्चा माल. आधी त्याचे बारीक तुकडे करायचे आणि ते चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचे. मग ढेकीखाली कुटायचे. ढेकी म्हणजे एका टोकाला जड ठोकळा बसवलेले मोठे लाकूड. दुसऱ्या टोकावर पाय दिला की ठोकळा उचलला जातो, पाय काढला की तो मालावर आदळतो. हे दिवसभर चालायचे. कुटलेला लगदा नदीवर नेऊन धुवायचा, पुन्हा चुना, पुन्हा ढेकी, पुन्हा धुणे. जुन्नरला त्यासाठी कुकडीचे पाणी होते. लगदा दुधासारखा पांढरा आणि मऊ होईपर्यंत हे फेरे थांबत नसत.

मग हौदाचे काम. जमिनीत बसवलेल्या हौदात पाणी आणि लगदा ढवळायचा. कारागीर काठावर उकिडवा बसून गवताच्या बारीक काड्यांची चाळण त्या पाण्यात बुडवी आणि अलगद वर काढी. पाणी निथळून जाई आणि चाळणीवर लगद्याचा पातळ थर राही. तोच कागद. थर सारख्या जाडीचा यावा हे सगळे मनगटावर अवलंबून. ओले ताव एकावर एक रचायचे, दाबून पाणी काढायचे आणि गिलावा केलेल्या गुळगुळीत भिंतीवर कुंचल्याने चिकटवून वाळवायचे. शेवटी खळ लावायची, म्हणजे शाई फुटत नाही, आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणजे बोरू अडखळत नाही. हे घोटण्याचे काम पुष्कळदा घरातल्या बायका करीत. एका तावामागे सगळ्या घराची मेहनत असे. मुलगा बापाशेजारी बसून शिके. त्याला वेगळे 'प्रशिक्षण' कोणी देत नव्हते.

असा कागद दोनशे-तीनशे वर्षे टिकतो. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल सोडले की ते आजही दिसते. त्यानंतरच्या काळातला गिरणीचा स्वस्त कागद मात्र पिवळा पडून हातात मोडतो.

तुरुंगात काम आले

कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळात कैद्यांचे काम म्हणजे रस्त्याचे काम. पायात बेड्या घालून त्यांना उघड्यावर नेत आणि खडी फोडायला, माती वाहायला लावत. १८३८ मध्ये तुरुंगांच्या शिस्तीसंबंधी नेमलेल्या समितीचा अहवाल आला. मेकॉले त्या समितीत होता. समितीने रस्त्यावरचे काम बंद करून मोठे मध्यवर्ती तुरुंग बांधावेत असे सुचवले. आत कैद्याला काम द्यावे, पण ते कंटाळवाणे, एकसुरी आणि जीव थकवणारे असावे, असे तिचे मत होते. कैद्याला शिकवून सुधारण्याच्या कल्पनेवर समितीचा विश्वास नव्हता. काम म्हणजे दहशत, एवढाच हिशेब होता.

पुढच्या पिढीत हिशेब थोडा बदलला. बंगालमधले तुरुंगांचे इन्स्पेक्टर डॉ. मोआट यांनी १८५५ नंतर तुरुंगात कारखाने चालवण्याचा जोरदार पुरस्कार केला. त्यांचे म्हणणे असे की चक्की फिरवून कैदी काहीच शिकत नाही. त्यापेक्षा त्याला एखादा धंदा शिकवावा, तुरुंगाचा खर्चही त्यातून निघेल आणि सुटल्यावर तो पोट भरू शकेल. सुटलेल्या कैद्याच्या पोटाचा विचार सरकारी कागदपत्रांत गंभीरपणे होऊ लागला तो इथून. पण या विचारात दोन हेतू मिसळलेले होते. एक कैद्याच्या भल्याचा आणि दुसरा खजिन्याच्या भल्याचा. त्या दोघांत ओढाताण झाली की बहुधा दुसराच जिंकत असे.

पुण्याजवळ येरवड्याचा मध्यवर्ती तुरुंग १८७१ मध्ये उभा राहिला. जुन्नरपासून तो जेमतेम नव्वदएक किलोमीटरवर. मोठ्या तुरुंगांत जे-जे धंदे चालत ते इथेही आले. विणकाम, गालिचे, सुतारकाम आणि हातकागद. सरकारी छपाईसाठी तुरुंगाचे मुद्रणालयही झाले. पुस्तकांच्या शेवटच्या पानावर 'येरवडा कारागृह मुद्रणालय' हे नाव अनेकांनी वाचले असेल.

तुरुंगाला कागदाचे काम का सोयीचे वाटले असेल, हे वर सांगितलेली रीत पाहिली की कळते. कच्चा माल म्हणजे चिंध्या आणि सरकारी कचेऱ्यांचीच रद्दी, जवळजवळ फुकट. ढेकी पायाने दाबणे हे सक्तमजुरीच्या व्याख्येत चपखल बसणारे काम. कागदाचे गिऱ्हाईक म्हणजे सरकार, आणि सरकार तर दाराशीच. पण कागदी घरातला मुलगा कुटण्यापासून घोटण्यापर्यंत सगळी साखळी शिकत होता. तुरुंगात कामाचे तुकडे झाले. ज्याला ढेकी दिली त्याने शिक्षा संपेपर्यंत ढेकीच दाबायची. अशा माणसाच्या हातात कला येत नाही, फक्त पाय दुखतात.

गालिच्याची साक्ष

ज्याचा पुरावा मोठा आहे असे दुसरे एक उदाहरण इथे घेतले पाहिजे. ते गालिच्याचे. आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला भलामोठा गालिचा राणी व्हिक्टोरियासाठी विलायतेला गेला आणि विंडसरच्या राजवाड्यात अंथरला गेला. तुरुंगाच्या कारखान्यांची ती मोठी शान समजली गेली. पण सर जॉर्ज बर्डवुड या मुंबईत काम केलेल्या अधिकाऱ्याने १८८० मध्ये हिंदुस्थानच्या कलाकुसरीवर पुस्तक लिहिले, त्यात तुरुंगी गालिच्यांवर कडक टीका केली. तुरुंगातला गालिचा मजुरीच्या हिशेबाशिवाय तयार होतो, म्हणून तो स्वस्त पडतो. त्याच्याशी घरी बसून विणणाऱ्या कारागिराची बरोबरी होऊ शकत नाही. शिवाय हलक्या रंगांचे आणि नकली नक्षीचे गालिचे बाजारात आल्यामुळे मूळ कलाही बिघडते, असे त्याचे म्हणणे होते.

गालिचे विणणारेही बहुतांश मुसलमान कारागीरच होते. त्यांच्या बाजूने बोलायला एक बर्डवुड तरी निघाला. जुन्नरच्या कागद्यांसाठी असे कोणी पुस्तक लिहिले नाही.

जुन्नरच्या हौदाचे काय झाले

इथे न्यायाने बोलले पाहिजे. जुन्नरचा कागद केवळ तुरुंगामुळे संपला असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्याच्यावर तीन बाजूंनी घाव पडले.

पहिला घाव हुकमाचा. सर चार्ल्स वुड १८५९ ते १८६६ या काळात भारतमंत्री होते. हिंदुस्थान सरकारला लागणारा कागद विलायतेतूनच घ्यावा, असे हुकूम त्यांच्या कारकिर्दीत निघाले. देशी कागदाची वाढ यामुळे मागे पडली, हे पुढे इंग्रज लेखकांनीच नोंदवून ठेवले आहे. दुसरा घाव गिरणीचा, आणि तो सर्वांत मोठा. लाकडाच्या लगद्याचा यंत्रावरचा कागद इतका स्वस्त झाला की हातकागदाचा टिकाऊपणा कोणी विचारीना. पुण्यात मुंढव्यालाच १८८५ च्या सुमारास डेक्कन पेपर मिल उभी राहिली. तिसरा घाव तुरुंगाचा. गिरणीच्या मानाने तुरुंगी कागद थोडा. पण त्याने कागद्याकडे उरलेसुरले जे गिऱ्हाईक होते, नेमके त्यालाच हात घातला.

हे तिसरे कारण नीट पाहण्यासारखे आहे. तुरुंगाच्या मालाविरुद्ध तक्रारी झाल्या नाहीत असे नाही. गिरणीवाले आणि मोठे व्यापारी यांनी त्या जोरात केल्या आणि त्या ऐकल्याही गेल्या. तुरुंगांनी खुल्या बाजारात स्पर्धा करू नये, सरकारी खात्यांना लागणारा माल बनवावा, असे धोरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आले. १९१९-२० च्या सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या तुरुंग समितीनेही तेच सुचवले. वरकरणी हे धोरण सगळ्यांना न्याय देणारे दिसते. पण जुन्नरच्या कागद्याच्या जागी बसून ते वाचा. त्याचे मोठे गिऱ्हाईक पहिल्यापासून कचेरीच होती. बाजार गिरणीने घेतला आणि कचेरी विलायती कागदाने आणि तुरुंगाने घेतली. त्याच्याकडे उरल्या व्यापाऱ्यांच्या चोपड्या, सावकारांच्या वह्या आणि धार्मिक पोथ्या. तेवढ्यावर किती हौद चालणार? एकेक घर दुसऱ्या धंद्याकडे वळले. जमातीचे नाव राहिले, काम गेले.

आणि ज्या कैद्याच्या भल्यासाठी हे सगळे केले असे म्हटले गेले, त्याचे काय झाले? तो सुटला तेव्हा बाहेर हौदच उरले नव्हते. तुरुंगात हातकागद शिकलेला माणूस जुन्नरला काय, पुण्याला काय, कुणाकडे कामाला जाणार? कारागिराची रोजी गेली आणि कैद्याला मिळाली नाही. इतिहासातले असे व्यवहार फार थोडे असतील ज्यांत दोन्ही गरीब पक्ष हरले.

आत गेलेली माणसे

तुरुंगात कोण होते हेही विसरून चालणार नाही. आपल्या दोन तालुक्यांचा डोंगरी भाग महादेव कोळ्यांचा. सावकारी पाशाविरुद्ध १८७३ नंतर आंबेगावच्या पश्चिमेकडच्या जांभोरीचा होन्या केंगले उठला आणि १८७६ मध्ये पकडला गेला. त्याच काळात, १८७५ मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांत कुळांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. कर्जाचा तो कागद कुठे बनला होता हे कोण सांगणार! अशा लोकांना तुरुंगात धंदा शिकवून 'सुधारायचे' होते. त्यांचा धंदा शेतीचा होता आणि तो त्यांना येतच होता. गेली होती ती जमीन. तुरुंगातले प्रशिक्षण हा सगळ्या रोगांवरचा इलाज नाही, हे यावरून समजते.

पुढे राजकीय कैदी आले. मौलाना हसरत मोहानी यांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि अलाहाबादच्या तुरुंगात त्यांच्या हाती चक्की आली. उर्दूतला एवढा मोठा गझलकार आणि संपादक, पण त्याच्यासाठी तुरुंगाकडे दळण्याखेरीज काम नव्हते. त्यांनी त्या दिवसांवर 'मुशाहदात-ए-ज़िंदाँ' लिहिले. १९२२ नंतर ते येरवड्यातही होते. त्याच सुमारास, मार्च १९२२ ते फेब्रुवारी १९२४, गांधीजी कैदेत होते. त्यांनी येरवड्यात सूत कातले आणि एक गोष्ट केली जी उर्दूच्या शिक्षकाला विशेष वाटते. त्यांनी उर्दूचा अभ्यास केला आणि शिबली नोमानींचे पैगंबर-चरित्र उर्दूतून वाचले. सुटल्यावर 'यंग इंडिया'त तुरुंगाचे अनुभव लिहिताना त्यांनी तुरुंगातल्या कामाचाही विचार मांडला. कैद्याचे काम उपयोगी असावे आणि कातणे-विणणे हा तुरुंगाचा मुख्य उद्योग असावा, असे त्यांचे म्हणणे होते.

विलायती मालाचा प्रश्न तेव्हा सगळीकडे पेटला होता. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विलायती कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. कापडाबद्दलची ही तळमळ चार वर्षांनी कागदाकडेही वळली. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याने हातकागदाचे काम हाती घेतले. के. बी. जोशी यांनी या विषयात आयुष्य घातले. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली, तिचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. म्हणजे हातकागद मेला नाही. पण तो परत आला तेव्हा संस्थेत परत आला. जुन्नरच्या घरांत तो पूर्वीसारखा परतला नाही.

भिंत नसलेला तुरुंग

कैद्याला माणूस समजून काम देण्याचा मोठा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रिडमन हा पोलिश अभियंता यांची ती कल्पना. कैद्यांनी कुटुंबासह राहायचे, शेती करायची, कुंपण आणि बेडी नाही. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. तो पाहिलेला नाही असा माणूस आपल्या पिढीत विरळाच. स्वतंत्रपुरात कैदी जे शिकत होते, तेच काम बाहेर चालू होते. शेती आतही होती, शेती बाहेरही होती. सुटलेल्या माणसाला दुसऱ्या जगात जावे लागत नव्हते. येरवड्याच्या हातकागदात हेच नव्हते. पुढे राज्यात पैठण, येरवडा अशा ठिकाणी खुले तुरुंग झाले, ते याच वाटेने.

१९८० मध्ये केंद्र सरकारने तुरुंग सुधारणेसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला. उर्दूच्या वाचकांना ते शायर म्हणून परिचित आहेत. १९६४ चा उर्दूसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला होता. १९८३ मध्ये त्यांचा अहवाल आला. कैद्याला रास्त मजुरी मिळावी आणि सुटल्यावर उपयोगी पडेल असे शिक्षण मिळावे, हा त्यातला आग्रह. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका खटल्यात सांगितले की सक्तमजुरीच्या कैद्यालाही न्याय्य मजुरी दिली पाहिजे. त्या मजुरीतला काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्या कुटुंबासाठी ठेवण्याचीही सूचना केली. मजुरीचा हा प्रश्न केवळ कैद्याचा नाही, हे जुन्नरच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. कैद्याची मजुरी शून्य धरली की बाहेरच्या कारागिराची मजुरीही पडते. दोघांचे हित एकच आहे.

आजचा हिशेब

आज महाराष्ट्रातल्या मोठ्या तुरुंगांत सुतारकाम, शिवणकाम, विणकाम, चामड्याचे काम असे विभाग आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रे तुरुंगांत निघाली. परीक्षा पास होणाऱ्या कैद्याला शिक्षेत सूट मिळते. २०२२ मध्ये येरवड्यात 'जिव्हाळा' या नावाने कैद्यांसाठी कर्जाची योजना सुरू झाली. कैदी तुरुंगात कमावतो त्या मजुरीच्या भरवशावर राज्य सहकारी बँक ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देते आणि ते घरच्यांच्या उपयोगी पडते. कैद्याचे काम घराशी जोडण्याची ही कल्पना चांगली आहे.

पण आकडे वेगळेही काही सांगतात. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांतले तीन. त्यांचा खटला अजून चाललेला असतो. कारखान्याची आणि वर्गाची मुख्य व्यवस्था मात्र शिक्षा झालेल्यांसाठी असते. कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती नाही हे बरोबरच आहे, पण त्यामुळे वर्षानुवर्षे काहीही न करता बसून राहण्याची पाळी त्याच्यावर येते. निर्दोष सुटला तरी तो त्या वर्षांत शिकला काय?

यात आपला प्रश्न आहे. राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने महाराष्ट्रातल्या तुरुंगांतल्या मुस्लिम कैद्यांचा अभ्यास केला. २०११ च्या जनगणनेत राज्यात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. तुरुंगातले प्रमाण त्याहून बरेच जास्त असल्याचे दिसते. त्या अभ्यासात भेटलेले बहुतेक तरुण होते आणि त्यांचे शिक्षण मध्येच सुटलेले होते. सातवी-आठवीनंतर जी मुले हजेरीपटावरून नाहीशी होतात त्यांची नावे शिक्षकाला आठवत असतात. त्यांतली बहुतेक गॅरेजवर, बेकरीत, भाजीच्या टेम्पोवर इमानाने कष्ट करतात. पण एखादा चुकीच्या संगतीत किंवा चुकीच्या वेळी चुकीच्या जागी सापडतो. तो आत जातो तेव्हा त्याच्याकडे अर्धवट उर्दू आणि अर्धवट मराठी असते. आतल्या वर्गातली पुस्तके आणि अर्ज मराठीत किंवा इंग्रजीत. त्याला हात धरून उर्दूतून मराठीत आणणारा कोणी असेल तरच तो त्या वर्गात टिकेल. हे काम आपल्यासारखे दोन्ही भाषा जाणणारे लोक करू शकतात. सेवाभावी संस्थांनी परवानगी घेऊन आठवड्याला दोन तास दिले तरी पुष्कळ होईल.

दुसरी गोष्ट, काय शिकवायचे याची. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जातीवरून काम वाटण्याचे नियम रद्द ठरवले. झाडणे अमक्याने, स्वयंपाक तमक्याने, असे जुन्या नियमावल्यांत लिहिलेले होते. आता निदान कायद्याने प्रत्येक हाताला प्रत्येक काम मोकळे झाले. मग कामाची निवड बाहेरच्या बाजाराकडे पाहून व्हायला हवी. नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार आहे, मंचरला बाजार समिती आहे, द्राक्ष आणि कांदा आहे. इथे पंप दुरुस्त करणारा लागतो, ठिबकाच्या नळ्या जोडणारा लागतो, टेम्पोचा मेकॅनिक लागतो, शीतगृहातली यंत्रे सांभाळणारा लागतो. जुन्नर-आंबेगावचा तरुण येरवड्यातून हे शिकून आला तर त्याला गावात काम मिळेल. आणि जे हुनर अजून जिवंत आहेत ते शिकवायचे असतील तर त्या हुनराच्या उस्तादाला मानधन देऊन आत बोलवावे, त्याचा माल पाडून विकू नये. उस्तादाचे पोट भरले तर तो शागिर्दाला मनापासून शिकवील आणि सुटल्यावर आपल्याकडे कामाला ठेवील. जुन्नरच्या कागद्यांच्या बाबतीत हे झाले असते तर कदाचित कुकडीच्या काठी चार हौद आजही भिजत राहिले असते.

कागदी जमातीचा इतिहास लिहून ठेवण्याचे कामही अजून व्हायचे आहे. घरोघरी एखादा घोटण्याचा दगड, जुने कागद, आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी असतील. त्या जाणत्या माणसांकडून उतरवून घेतल्या पाहिजेत, कारण ती माणसे आता थोडी उरली आहेत. आणि तुरुंगातला मुलगा सुटून मोहल्ल्यात परत येईल तेव्हा त्याला दारात उभे करणार की कामावर, हे आपल्याला ठरवायचे आहे. सरकारच्या योजना त्याला तुरुंगाच्या फाटकापर्यंत आणून सोडतात. तिथून पुढचा रस्ता आपल्या मोहल्ल्यातून जातो.